दहा टक्क्यांत बसवलेला खळा

कमळूला नाही म्हणता येत नाही. हा गुण आहे म्हणे. मी म्हणतो, रोग आहे. मी पंढरी, खर्डी स्टेशनासमोर माझं झेरॉक्सचं दुकान. आसपासच्या जमिनी आधी माझ्या मशीनवर येतात नि मगच हातातून जातात, त्यामुळे कोण कुणाला फसवतोय ते मला पोलिसांआधी कळतं. कमळूचं मात्र माझ्याच हातून झालं.

साठी उलटलेला हा पाड्यावरचा माणूस. बापाच्या वेळचं दोन एकर भातशेत आणि त्याला लागून खळा, म्हणजे कापलेला भात झोडायचं सारवलेलं अंगण. त्याची बायको सावळी तो खळा असा सारवते की सांडलेला दाणा न् दाणा वेचून घ्यावा. आपला भात झोडून झाला की खळा शेजाऱ्याला द्यायचा, ही पाड्याची रीत. मागायला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही.

शेजारी हरेशशेठनं 'हिरवाई' नावाची बंगल्यांची कॉलनी काढली. हिरवाई करायची म्हणून आधी सगळी झाडं तोडली. कायदा सांगतो, दहा टक्के जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडा, तिच्यावर बांधू नका. शेठनं सोडली की! नकाशात. मधोमध हिरवा रंग देऊन वर तीन झाडंही काढली. जमिनीवर त्याच जागी चार बंगले उभे राहिले आणि विकलेही गेले. मग तालुक्याहून पत्र आलं, साहेब मोकळी जागा बघायला येताहेत. शेठची पाचावर धारण बसली.

तो तडक कमळूकडे. "कमळूदादा, एक दिवस खळा देशील का? साहेबांना दाखवायचाय."

"न्या की शेठ. पन जोडं घालून नाय जायाचं हां."

संमतिपत्र मी टाइप केलं. 'सदर जागा कॉलनीची मोकळी जागा म्हणून वापरण्यास माझी हरकत नाही.' 'एक दिवस' हे शब्द त्यात नव्हते. मला दिसलं होतं. पण शेठ रोजचं गिऱ्हाईक, मी मूग गिळून बसलो. कमळूनं माझ्यावर भरवसा ठेवून अंगठा उठवला. आठवलं की आजही माझीच मला लाज वाटते.

इकडे नवरा-बायकोला वाटलं, मोठी माणसं पाहुणी येणार. सावळीनं दोनदा सारवलं, कडेनं रांगोळी घातली. साहेबांना बूट काढायला लावले. साहेब खूष! एवढी निगा राखलेली मोकळी जागा अख्ख्या नोकरीत पाहिली नाही म्हणाले. रांगोळी मोडेल म्हणून टेपही धरली नाही, मापं शेठनं सांगितली तीच लिहून घेतली.

आठवड्यात खळ्याभोवती जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप, वर पाटी: 'मोकळी जागा. आत येण्यास सक्त मनाई.' वा रे मोकळी!

कमळूचा भात कापून झाला होता. भारे शेतात पडलेले, आणि दिवाळी होऊन गेली तरी आभाळ भरून येत होतं. किल्ली कॉलनीच्या सेक्रेटरीकडे. सुयोगसाहेब, ठाण्याहून रिटायर होऊन आलेले. ते म्हणाले, "काका, ती सर्व सभासदांची जागा आहे. पेंढा-बिंढा चालणार नाही. अर्ज करा, मीटिंगमध्ये ठेवू. मीटिंग मार्चमध्ये."

कमळू माझ्याकडे आला. "पंढरी, अर्ज लिव. आमचाच खळा आमाला दोन दिस द्या म्हनून."

माझं डोकंच फिरलं. "अर्ज कसला करतोस, भल्या माणसा! भारे भिजले तर वर्षभर खाशील काय?" गठ्ठ्यातून कॉलनीच्या मंजूर नकाशाची प्रत ओढली नि काउंटरवर आपटली. "ही बघ खरी मोकळी जागा!"

त्यानं कॉलनीच्या तोंडाशी रस्त्याखाली असलेल्या मोरीपासून बोटानं घरं मोजली. बोट हिरव्या रंगात थांबलं. "हितं तं सुयोगसायेबांचा बंगला हाय."

"आहे ना! जा, दाखव. म्हणावं, कुलूप काढ, नाहीतर तक्रार करतो."

तो प्रत घेऊन निघाला. तमाशा बघायला मीही शटर ओढून मागोमाग गेलो. म्हटलं, आज साहेबाची जिरणार.

कमळूनं आवाजसुद्धा चढवला नाही. नकाशा साहेबांच्या हातात दिला नि हळूच म्हणाला, "सायेब, तुमाला कोनी सांगितलंच नाय काय? तुमचं घर ह्याच्यात नाय वो."

साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला, नि मटकन पायरीवर बसले. "सगळा फंड घातला हो यात," एवढंच म्हणाले. शेठला फोन लावला, तो लागेना. मला हसायचं होतं, हसू आलं नाही.

कमळू त्यांच्याशेजारी टेकला. "जीवाला लावून घेऊ नका. पाडलाच बंगला, तं सामान आमच्या खळ्यात ठेवा. बाईंनाबी घेऊन या. तेवढा आदी भात झोडून घेऊ द्या."

साहेब उठले आणि कुलूप काढायला गेले. जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघितली, एकही बसेना, नि आभाळ गडगडत असताना हा बाबा त्यांना म्हणतो, "सावकाश सायेब, घाई नाय."