उदबत्तीचा धूर उलटा गेला त्या सकाळी

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आलो ते फक्त खोड्या काढायला. कुणाला पांढरी साडी दिसली की मी म्हणणार, चष्म्याचा नंबर तपासा. सगळी नोकरी सरकारी कारखान्यात यंत्रांचे भाग तपासण्यात गेली. कारण सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही, असा स्वभाव. आणि आज मीच इथे लिहायला बसलोय... हसा खुशाल.

आम्ही बेंगळुरूला हेब्बाळच्या बाजूला राहतो. तळमजल्याचं घर, दोघंच. मुलगी लग्न होऊन गेली, गाडी विकली आणि गॅरेजमध्ये मी सुतारकामाचा उद्योग मांडला. गॅरेजमधून एक दार घरात उघडतं, पुढे बोळ, बोळाच्या टोकाला फ्रिज आणि तिथून वळलं की न्हाणीघर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझी बायको मंगल इथल्याच चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातली, तिच्या बोलण्यात निम्मं कन्नड. तिला दमा आहे. लाकडाचा बारीक भुसा तिच्या छातीत गेला की रात्रभर उशीला टेकून बसते, आणि ती धाप ऐकत मीही जागा. म्हणून तर मी ते सायक्लोन बसवलं. म्हणजे भुसा ओढणारं यंत्र. शंकूच्या आकाराच्या पिंपात हवा गरगर फिरते, भुसा खालच्या ड्रममध्ये पडतो आणि हवा वरून निघून जाते. ती हवासुद्धा घरात नको म्हणून मी भिंतीला भोक पाडून पाइप थेट रस्त्याकडे काढला होता. शेजारी बांधकाम सुरू झालं तेव्हा न्हाणीघराच्या वरच्या झरोक्याची झडपही धूळ येऊ नये म्हणून चिकटपट्टी लावून बंद केली, गॅस गीझरच्या धुराचा पाइप जाईल एवढीच जागा ठेवून. सगळं तिच्या दम्यासाठी. किती काळजी घेतो मी, असं मला स्वतःलाच वाटायचं.

पण यंत्र नीट ओढेना. भुसा ड्रममध्ये पडायच्या ऐवजी हवेबरोबर वर जायला लागला. याचा अर्थ कुठल्या तरी फटीतून नको ती हवा यंत्रात शिरतेय. मंगलने स्पष्ट सांगितलं, "एक तर ते दुरुस्त करा, नाही तर विका. मला श्वास पाहिजे हो, स्टूल नको."

त्या रविवारी सकाळी मी बसलोच. असा लीक शोधायला उदबत्तीसारखं साधन नाही. यंत्र चालू ठेवायचं, एकेका सांध्याजवळ उदबत्ती धरायची. फट असेल तिथे धूर आत ओढला जातो. मात्र बाहेरचा वारा नको, म्हणून मी शटर खाली ओढलं, घरभरच्या खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. उदबत्ती देवघरातून उचलली.

"अहो, देवाची उदबत्ती त्या डब्याला ओवाळताय होय?" मंगल दारात उभी. "आधी देवाला तरी दाखवा स्वल्प."

"देवाकडे लीक नाहीये," मी म्हणालो.

"सरी, बरं. चालू द्या तुमचं. मी न्हायला जाते, केस धुवायचेत."

पहिली फट लगेच सापडली. ड्रमच्या झाकणाखालचं रबर एका जागी दबलं होतं, धूर तिथे सुळकन आत गेला. मी नवी पट्टी बसवली, पुन्हा तपासलं, ठीक. मग वरचा नळीचा सांधा. तिथे उदबत्ती धरली आणि धूर यंत्राकडे जाईचना. आधी सरळ वर गेला, मग वाकला, आणि चक्क माझ्याकडे पाठ फिरवून घरात जाणाऱ्या दाराकडे निघाला. दोऱ्यासारखा. विस्कटलासुद्धा नाही.

मी चिडलो. मला वाटलं, हिने कुठली तरी खिडकी उघडली. खिडकी शोधायला मी उदबत्ती हातात धरून त्या धुरामागे चालायला लागलो. बोळात तो माझ्या गुडघ्याच्या उंचीवर आला. फ्रिजपाशी वळला. न्हाणीघराच्या बंद दाराखालच्या फटीतून आत गेला.

"मंगल, खिडकी उघडलीस का गं?"

आतून फक्त पाण्याचा आवाज.

दोनदा हाक मारली. मग मी दाराला खांदा मारला, लाथा मारल्या. कडी निघाली. ती भिंतीला टेकून खाली बसलेली, मान एका बाजूला, चेहरा लालबुंद, नळ वाहतोय. चादर गुंडाळून कशी ओढत अंगणात आणली, शेजाऱ्यांनी गाडी कधी काढली, मला धड आठवत नाही. एवढंच आठवतं की मी तिचे गाल थोपटत होतो आणि माझ्या मुठीत ती उदबत्ती अजून जळत होती. तळव्यावर डाग आहे.

वाचली. गीझरचा विषारी वायू कोंडला होता, डॉक्टर म्हणाले. थोडा उशीर झाला असता तर त्यांच्या हातात काही उरलं नसतं.

पण खरा धक्का पुढे आहे. माझे कारखान्यातले मित्र जोगळेकर भेटायला आले, घरभर हिंडले आणि माझ्यासमोर बसून हळूच म्हणाले, "तुझं यंत्र घरातली हवा बाहेर फेकतंय. तू दारं-खिडक्या बंद केल्यास. मग भरपाईची हवा येणार कुठून? गीझरच्या पाइपातून. बाहेर जायचा धूर तूच आत ओढलास."

जिच्या श्वासासाठी एवढा खटाटोप केला तिचा श्वास मीच बंद करत होतो.

मग माझ्या डोक्यात आलं ते मी त्यांना विचारलं. "हवा न्हाणीघराकडून माझ्या यंत्राकडे येत होती ना? मग धूर न्हाणीघराकडे गेला कसा?"

जोगळेकरांनी कागद घेतला, बाण काढले, खोडले. चहा गार झाला. शेवटी म्हणाले, "तुला भास झाला असेल." त्या भासामागे जाऊन मोडलेली कडी मी त्यांना दाखवली. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

मंगल माहेरी, तिच्या अण्णांकडे चामराजपेटला विश्रांतीला गेली तेव्हा मी सगळं पुन्हा मांडून पाहिलं. गीझर सोडून. शटर खाली, खिडक्या बंद, त्याच पुड्यातली उदबत्ती. धूर दर वेळी यंत्राकडेच आला, यायला हवा तसा.

आता विजेचा गीझर आहे, झडप उघडी आहे, शटर वर केल्याशिवाय मी यंत्राला हात लावत नाही. कारण मात्र सापडलेलं नाही. मंगल म्हणते, "उदबत्ती देवघरातली होती ना, मग झालं तर." मला ते पटत नाही, आणि खोडताही येत नाही.

ती न्हायला गेली की मी रोज एक उदबत्ती लावून बोळात खुर्ची टाकून बसतो. ती आतून ओरडते, "आहे हो मी, जा आता." मी जात नाही. धूर सरळ वर जातोय ना, तेवढं बघत बसतो.