तुळईच्या अलीकडे

आमचं हॅझलकोट वूस्टर जिल्ह्यातलं, पण चहूबाजूंनी ग्लॉस्टर जिल्हा. ती हद्द थेट केझायामावशीच्या झोपडीतून जायची. छताची तुळई हीच खूण. चूल आमच्यात, खिडकी त्यांच्यात.

मावशी सुईण. तिची आई लग्नावाचून बाळंत झाली, ती हद्दीपलीकडे. अशा पोराचा जन्म ज्या गावात, त्याच गावानं त्याला पोसायचं, असा तेव्हाचा कायदा. सात वर्षं भरली आणि मावशीला आईपासून उचलून पलीकडच्या गरीबघरात टाकलं. तिथून आईच्या घराचं धुराडं दिसायचं म्हणे.

एकोणिसाव्या वर्षी माझ्यावर तीच वेळ आली. लग्न नाही आणि कळा सुरू. मावशीनं मला चुलीपाशी खाटेवर निजवलं, तेवढ्यात गावच्या गरीबनिधीचा कारभारी पर्नेल दोन गडी घेऊन हजर. मेल्याला गावावर एक तोंड वाढू द्यायचं नव्हतं!

"खाट पलीकडे सरकवा रे," तो म्हणाला.

"बाई अडलीय, मुडद्या! हात लावशील तर याद राख."

"चार पावलं तर न्यायचीय, मावशी."

"चार पावलं किती लांब असतात, ते मला विचार!"

गड्यांनी तिला ढकललं, खाट खिडकीखाली ओढली आणि पर्नेलसकट सगळे बाहेर जाऊन उभे राहिले. मावशी एकटीच खाट परत ओढू लागली. पण पोर कसलं थांबतंय? माझा सायलस तुळईच्या पलीकडेच जन्मला.

महिन्याभरानं, पोर कुठल्या गावचं हे ठरवताना, न्यायाधीशानं मावशीला बायबलवर हात ठेवायला लावला. "मूल जन्मलं तेव्हा खाट कुठे होती?"

"तुळईच्या अलीकडे. मी ओढून आणली होती."

ही बाई जन्मात खोटं बोलली नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. निकाल आमच्या बाजूनं लागला. सातवं सरलं तरी सायलस माझ्याजवळच राहिला.

पण त्यानंतरच्या रविवारपासून मावशी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला उठली नाही. पापाचा पश्चात्ताप करूनच ती घ्यायची असते. सगळे पुढे जायचे, ही मागच्या बाकावर बसून राहायची. पंचवीस वर्षं! माझ्या पोरापायी हे, म्हणून माझा जीव तुटायचा.

पुढे सरकारनं असले तुटके तुकडे शेजारच्या जिल्ह्यांत मिसळून टाकले. त्याच सुमारास मावशीनं अंथरूण धरलं. सायलस चुलीपाशी तिच्यासाठी पेज ढवळत होता.

"मावशी, पाद्रीबाबांना बोलावते," मी म्हटलं. "पश्चात्ताप झाला एवढंच म्हण, माफी मिळेल. आता ती हद्दसुद्धा राहिली नाही गं."

तिनं सायलसकडे पाहिलं.

"खोटं एकदा बोलले ते पुरे, डॅमरिस," ती म्हणाली. "झालाच नाही, तर झाला कसं म्हणू?"