पुढच्या ब्रेकची शपथ

मोहन पिंपळखुटे निवृत्त झाले आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी क्रूझर मोटरसायकल घेतली. काळी, लांबलचक, पुढे पाय पसरून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायची. कोलार रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत लोक भाजी निवडायचं थांबवून बघत राहिले. हा माणूस अडतीस वर्षं सरकारी कचेरीच्या आवक-जावक खिडकीवर बसलेला. शिक्षण मॅट्रिक, पण कोणत्या अर्जातल्या कोणत्या वाक्यावर साहेबाला घाम फुटतो हे त्यांच्याइतकं भोपाळात कुणाला ठाऊक नसेल. कॉलनीतला दिवा, नाली, शाळेसमोरचा खड्डा, सगळं त्यांच्या अर्जांनी जागेवर आलेलं. ‘पिंपळखुटेजी से पंगा मत लो’ हे वॉर्ड ऑफिसातला शिपाईसुद्धा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा.

तर गाडी घेतली ती कमलिनीबाईंसाठी. लग्न झाल्यापासून मोहनराव बायकोला सांगत आले होते, की एकदा तुला तुझ्या माहेरी, परतवाड्याला, मोटरसायकलवरून घेऊन जाईन, बैतूलच्या जंगलातून, मनात येईल तिथे थांबत. दरवर्षी रजा नामंजूर व्हायची आणि बाई एसटीने जायच्या. आता रजेचा प्रश्नच मिटला होता. दीड महिन्यावर भाचीचं, जुईचं, लग्न होतं. महाराष्ट्र मंडळात मोहनरावांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं, की आम्ही दोघं गाडीवर जाणार.

पहिल्या रविवारी दोघं भोजपूरला जाऊन आले. परतल्यावर कमलिनीबाई सोफ्यावर न बसता भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि उभ्यानेच चहा प्यायल्या.

“मागची सीट आहे की पोळपाट?” त्यांनी विचारलं. “आणि गाडी थांबत का नाही? मंडीदीपच्या फाट्यावर तुम्ही त्या ट्रकवाल्याला सलाम करून पुढे गेलात. मी बसने जाईन. तुम्ही या तुमच्या रथातून.”

बोलणं तिथेच संपलं, पण मोहनरावांना ते रात्रंदिवस टोचत राहिलं. बाई बसने गेली तर मंडळात तोंड दाखवायची सोय नाही, हे तर झालंच. त्याहून वाईट म्हणजे आयुष्यभर दिलेला शब्द खोटा ठरणार होता.

त्यांनी फुलस्केप काढला. अर्ज सात पानांचा झाला. मुद्दा एक, आराम : मागची सीट अरुंद, कडक व मागे उतरती, मागचे शॉकअप धक्का जिरवण्याऐवजी पुढे पाठवतात, परिणामी सहप्रवासी महिलेच्या कण्यास इजा. मुद्दा दोन, ब्रेक : पूर्ण दाबूनही गाडी वेळेत थांबत नाही. एमपी नगरच्या शोरूममधल्या मॅनेजरने अर्ज वाचला, पाणी मागवलं आणि म्हणाला, सर, नई गाड़ी है, सेट हो जाएगी. मोहनराव म्हणाले, माझी बायको नवी नाही, ती सेट होणार नाही. आठ दिवस रोज जाऊन ते तिथल्या सोफ्यावर बसले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना अर्जाची झेरॉक्स वाटत राहिले. नवव्या दिवशी कंपनीने पुण्याहून इंजिनिअर पाठवला.

हर्षल नावाचा तो तरुण नम्र होता, इस्त्रीच्या शर्टातला होता आणि शुद्ध मराठी बोलत होता, आणि या तिन्ही गोष्टींचा मोहनरावांना संशय आला. त्याने शोरूमच्या आवारात दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, काका, ब्रेक उत्तम आहेत. सीटही आमच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली आहे.

“चाचणी कुठे घेतली?”

“आमच्या ट्रॅकवर.”

“मग आता आमच्या ट्रॅकवर घेऊ. मी चालवतो. तुम्ही माझ्या बायकोच्या जागी बसा.”

कोलार रोडच्या मुख्य रस्त्यावर काही अडचण आली नाही. पण मोहनरावांनी गाडी कॉलन्यांच्या आतल्या गल्ल्यांत घातली. तिथे प्रत्येकाने आपापल्या दारासमोर आपापल्या मापाचा गतिरोधक बांधलेला. मोहनराव दर गतिरोधकाला मोठ्याने आकडा म्हणत होते. चौथ्यापर्यंत हर्षल मागून तांत्रिक उत्तरं देत होता. नवव्याला फक्त “हो” म्हणाला. तेराव्यानंतर त्याचा आवाजच आला नाही, तेव्हा तो अजून गाडीवर आहे ना हे मोहनरावांनी मागे हात लावून तपासलं.

आणि तेवढ्यात समोरची ई-रिक्षा मध्येच थांबली. मोहनरावांनी पाय गच्च दाबला. गाडी सूं करत सरकत गेली, रिक्षाच्या बाजूने निसटली आणि एका पेरूवाल्याच्या हातगाडीला अगदी हलकेच, ओळख काढावी तशी, टेकली. चार पेरू खाली पडले. मोहनराव विजयाने मागे वळले. बघितलंत?

हर्षलने बघितलं होतं, पण भलतंच. “काका,” तो कंबर धरून उतरत म्हणाला, “तुमच्या उजव्या हाताची पाची बोटं मुठीवर होती. तुम्ही पुढचा ब्रेक दाबलाच नाही.”

मोहनरावांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पेरू उचलायला वाकले.

हर्षलने खाली बसून दोन्ही ब्रेक तपासले. मागचे पॅड महिन्याभरातच झिजत आलेले; पुढचे कोरे करकरीत. अशी गाडी थांबवायचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, त्याने सांगितलं, आणि तुम्ही त्याला नोकरीवर घेतलंच नाहीत.

“मी तो दाबणार नाही,” मोहनराव म्हणाले.

“का पण?”

“शपथ आहे.”

पेरूवालाही ऐकायला पुढे सरकला. मग मोहनरावांना सांगावंच लागलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची संक्रांत. स्कूटरवरून दोघं श्यामला हिल्सचा उतार उतरत होते. मागे कमलिनीबाई एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. वाळू आली, मोहनरावांनी पुढचा ब्रेक करकचून दाबला, आणि दोघं रस्त्यावर. बाईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं. लाडू तलावाच्या दिशेने जे निघाले ते शेवटपर्यंत थांबले नाहीत. दवाखान्यात प्लास्टरमधूनच बाईंनी नवऱ्याला आपल्या गळ्याची शपथ घातली : पुन्हा पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. तेव्हापासून आजपर्यंत लावला नव्हता.

हर्षलने फॉर्म उघडला. कंपनीच्या फॉर्ममध्ये या दोषासाठी रकाना नव्हता. मग तो म्हणाला, काका, शपथ सोडवता येते ना? आमच्या आजीकडे ‘सुटली’ म्हटलं की सुटायची.

“ज्याने घातली त्यानेच म्हणावं लागतं.”

अशा रीतीने कंपनीचा इंजिनिअर कमलिनीबाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. बाई थालीपीठ थापत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, की आधी यांनी पुढचा ब्रेक नीट लावून दाखवावा, मग मी सोडते. हर्षल म्हणाला, सोडल्याशिवाय ते लावत नाहीत. बाई म्हणाल्या, मग राहू दे, माझी बस आहेच. मोहनराव दारात उभे होते. कलेक्टरसमोर टेबलावर हात आपटलेला माणूस, पण इथे कुठल्या नियमाखाली अपील करावं हे त्यांना सुचेना.

शेवटी हर्षल म्हणाला, “काकू, शपथ काकांवर आहे. माझ्यावर नाही. माझ्या मागे बसाल?”

बाईंनी पदर खोचला, हेल्मेट घातलं आणि बसल्या. कॉलनीमागच्या दसरा मैदानावर हर्षलने गाडी पन्नासपर्यंत नेली आणि पाय व हात दोन्ही मिळून, हळूहळू जोर वाढवत, थांबवली. कुणी उलटलं नाही. बाईंनी पुन्हा एकदा करायला सांगितलं. मग ओल्या जागेवर. मग वाळूवर, अगदी हळू. उतरल्यावर त्यांनी मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

“इतकी वर्षं?” त्या म्हणाल्या. “मी विसरूनसुद्धा गेले होते हो. एकदा तरी विचारायचं.”

“तुझ्या गळ्याची होती,” मोहनराव म्हणाले. “त्यात काय विचारायचं.”

बाईंनी हेल्मेट काढून नवऱ्याच्या हातात दिलं. मग हर्षलला साक्षीदार ठेवून म्हणाल्या, “सुटली.”

त्या संध्याकाळी मोहनरावांनी मैदानावर एकवीस वेळा गाडी थांबवली. पहिल्या तीन वेळा डोळे मिटून.

अहवालावर सही करायची वेळ आली तेव्हा पुन्हा वाजलं. हर्षलने लिहिलं होतं : ब्रेकमध्ये दोष नाही, चालकाची चुकीची सवय. मोहनराव म्हणाले, सवय हा शब्द काढा, मी सही करत नाही. आठ दिवस लोकांना झेरॉक्स वाटल्या त्यांचं काय, असं हर्षलने सौम्यपणे विचारलं. मोहनरावांचे कान लाल झाले. त्यांनी पेन हिसकावलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : “मुद्दा दोन मी मागे घेतो. वाहनात दोष नाही. चालकाने दिलेला शब्द पाळला. मुद्दा एक कायम.” दुसऱ्या दिवशी शोरूमच्या त्याच सोफ्यावर बसून त्यांनी याचीही झेरॉक्स वाटली. मुद्दा एकबाबत हर्षलने काही वाद घातला नाही. तो अजून उभाच होता. लग्नाच्या तीन दिवस आधी रुंद सीट, टेकायला पाठ आणि लांब शॉकअप बसवून मिळाले.

कमलिनीबाईंनी बसचं तिकीट काढलं नाही. पहाटे निघाले, इटारसीला पोहे खाल्ले. बरेठा घाटात एका वळणावर पुढचा ट्रक एकाएकी थांबला. मोहनरावांचा पाय दबला, हात दबला, आणि गाडी ट्रकच्या मागे चांगलं दहा फूट अंतर ठेवून अलगद उभी राहिली. आता मागून काहीतरी शाबासकी येईल म्हणून ते थांबले.

मग बाई हेल्मेटची काच वर करून इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “चहाला थांबलात का? पण इथे टपरी कुठे दिसत नाही.”