बोंड्याचा आवाज आणि चार टाकाऊ चित्रपट

दर्यापूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बेबीताईंचा आवाज आमच्या पिढीला पाठ आहे, पण तो त्यांचा आहे हे फारसं कोणाला माहीत नाही. बोंड्या म्हणजे कापसाच्या बोंडासारख्या डोक्याचा बाहुला. आमच्या लहानपणीच्या मूळ टीव्ही मालिकेत तो बेबीताईंच्या तोंडून बोलायचा. पुढे दिग्दर्शक देवानंद यांनी टीव्हीसाठी बोंड्याचे चार चित्रपट काढले आणि शहरातला घोटीव आवाज घेतला. बेबीताईंची वऱ्हाडी त्यांना भांडल्यासारखी वाटते म्हणे. चारही चित्रपट टाकाऊ आहेत.

तान्ह्या पोळ्याला, मुलं आपापले लाकडी बैल सजवून आणतात तेव्हा, यातला एक अकोल्यात दाखवायचं आमच्या मंडळानं ठरवलं. त्यातल्या त्यात बरा कोणता, हे विचारायला मी बेबीताईंकडे गेलो. मी साउंड इंजिनिअर, चित्रपटात त्यांचा आवाज भरायचा, हा माझा खरा बेत होता.

"देवानंदच्या पिच्चरले म्या आवाज देऊ?" त्यांनी तराजू आपटला. "कावून? त्याचे वांगे सडले म्हनून म्या इकू?"

"मग क्रम तरी लावून द्या, ताई."

"ज्यात बोंड्या तोंड कमी उघडते, तो बरा. चोराचा पयला. त्यात अर्धा वेळ तोंडात बोळाच हाय. मंग दिवाळीचा, फटाक्यात काई आयकूच येत नाई. मंग शहराचा. पोळ्याचा सगळ्यात खाली."

"मंडळाला पोळ्याचाच हवाय."

"मंग मले काय इचारून राहिला बे?"

तरी त्या आल्या. पहिल्या रांगेत बसल्या, तोंड कडू करून. मंचावर पाहुणे म्हणून देवानंद.

पडद्यावर तान्हा पोळा भरला आणि वऱ्हाडात जन्मलेला बोंड्या लाकडी बैलाकडे बघून म्हणाला, "अय्या, हे कोणते खेळणे?"

"याले तान्हा पोळा मालूम नाई!" मांडीवर बैल घेतलेली एक मुलगी ओरडली.

बेबीताई उठून माझ्या टेबलाशी आल्या. "त्याचं तोंड बंद कर. माईक इकडं दे."

मी चित्रपटाचा आवाज शून्यावर नेला.

"अबे, पायता काय? माह्या बैलाले झूल घाला पयले!" बोंड्या गरजला. मुलांनी एकच गिल्ला केला.

पुढे बोंड्याचं धरणीमातेवर लांबलचक भाषण होतं. बेबीताईंचे शब्द संपले, त्याचं तोंड हलतच राहिलं. मग त्यांनी सरळ बाजारातली आरोळी लावली, "वांगे घ्या, मेथी घ्या, कोथमिर ताजीऽऽ!" डोळ्यांत पाणी आणून, हात जोडून बोंड्या भाजी विकत होता. मुलं हसून लोळली.

संपल्यावर देवानंद खाली उतरले. "बेबीताई, बाकीचे तिन्ही करून टाका."

"तवा भांडल्यावानी लागे ना तुले?"

"आता गंमत वाटते."

"मले अजून भांडाचंच हाय."

मी धीर करून विचारलं, "ताई, आता पोळ्याचा नंबर कितवा?"

"शेवटचाच. आवाज माहा असला तं काय झालं? पिच्चर तं याचाच हाय."

माईक मात्र त्यांनी अजून सोडला नव्हता.