मोहाखालचं भजन

शेजारच्या अंगणात कुणी मोहफुलं वाळत घातली, की त्या गोड, आंबूस वासानं पन्नास वर्षांनंतरही माझ्या घशाला कोरड पडते.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. किरनापूरकडच्या आमच्या गावात चैतात बायका पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात जात. अस्वलालाही ही फुलं आवडतात. म्हणून एकीनं वेचायचं नाही, नुसतं मोठ्यानं भजन म्हणत फिरायचं. माणसाचा आवाज ऐकला की अस्वल दूर राहतं. हे काम माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. त्या दिवशी मात्र त्यांचा घसा पार बसला होता, आणि त्यांनी मला पुढं केलं.

तेवढ्यात झुडपामागं पाचोळा वाजला. काहीतरी काळं हललं. सगळ्या जागच्या जागी थिजल्या.

"जाऊबाई, माह्याच्यानं नाई होत जी."

"देवानं तुले गळा काहून देल्ला मंग? चुलीपाशी गुणगुणाले?" त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "म्हण वो!"

मी भजन सुरू केलं. पहिली ओळ फाटक्या आवाजात निघाली, दुसरी जरा मोठी. पाचोळ्याचा आवाज हळूहळू लांब गेला. मग बायका पुन्हा वाकल्या आणि त्या झुडपाकडे पाठ करून फुलं वेचू लागल्या. माझ्या भरवशावर! त्या वाकलेल्या पाठी पाहून मला अस्वलापेक्षा जास्त भीती वाटली.

या गळ्यासाठी मी रोज देवाला हात जोडते. पण देवळात भजन म्हणताना सगळे डोळे मिटतात, तेव्हा मी मिटत नाही; कुणीतरी पाठ राखायला हवी.