आबांचे घड आणि डी ड्राइव्ह

"लिनक्स आजच्या आज काढून टाका," अध्यक्ष भाऊ म्हणाले.

"काढणार नाही," मी म्हणाले.

बोदवडच्या आमच्या केळी उत्पादकांच्या सोसायटीत सकाळी सकाळी एवढं बोलून झालं, तेव्हा दारात आबा उभे होते. त्यांच्या केळीचे घड पहाटेच कापून स्टेशनवर येऊन पडले होते आणि लोडिंगच्या स्लिपवर त्यांचं नावच नव्हतं. स्लिपवर नाव नाही, तर वॅगनमध्ये माल चढत नाही. आणि मे महिन्यात कापलेली केळी कुणाची वाट बघत नाहीत.

"मी तं नानाजवळून नंबर बदलून घेतला होता," आबा म्हणाले. "आता माल कुठी नेऊ, ताई?"

ते खरं बोलत होते. आमच्याकडे घरात लग्न निघालं की शेतकरी आपसात कापणीचा नंबर बदलून घेतात. सगळं तोंडी. आमचे सेक्रेटरी नाना तो बदल लगेच कॉम्प्युटरवर टाकायचे. आबांचाही टाकला होता. मग स्लिपवर का आला नाही?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची ही गोष्ट. कॉम्प्युटर एकच, आणि त्याच्या हार्ड डिस्कचे वेगळे भाग, म्हणजे पार्टिशन, केलेले. नाना विंडोजवर काम करायचे, त्यांच्या फाइली डी ड्राइव्हवर. स्लिपा काढायचं काम माझं. विंडोज ऐन छपाईच्या वेळी अडकायचं, म्हणून मी दुसऱ्या पार्टिशनवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. डी ड्राइव्ह लिनक्समधून थेट वाचता येतो, हे मी भाऊंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. व्हायरस येईल, म्हणाले. नानांचा फोल्डर रोज फ्लॉपीवर घ्या आणि तुमच्याकडे कॉपी करा, असा हुकूम. आदल्या संध्याकाळी मी कॉपी घेतली आणि त्यानंतर नानांनी आबांचा नंबर बदलला. स्लिप निघाली ती माझ्याकडच्या शिळ्या कॉपीवरून.

भाऊंच्या मते दोष लिनक्सचा. जळगावहून इंजिनिअर बोलवायचा आणि डिस्क फॉरमॅट करायची. मी सांगितलं, त्यात नानांच्या फाइलीही जातील आणि इंजिनिअर येईपर्यंत आबांची केळी काळी पडतील. आधी स्लिप निघू द्या. मग लिनक्स काढायचं की मला, ते तुम्ही ठरवा.

लिनक्समध्ये दुसरं पार्टिशन आधी 'माउंट' करावं लागतं, म्हणजे एखाद्या रिकाम्या फोल्डरला जोडावं लागतं. मी डी ड्राइव्ह जोडला. मग माझ्या होम डिरेक्टरीत, म्हणजे लिनक्समधल्या माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, नानांच्या फोल्डरची 'लिंक' तयार केली. लिंक म्हणजे कॉपी नव्हे. माझ्या घरातून त्यांच्या खोलीत उघडणारं दार. फाइल उघडली, आबांचं नाव जिथे हवं तिथे होतं.

भाऊंचा विश्वास बसेना. मशीन बंद करून चालू करा, म्हणाले. केलं. लिंक दिसत होती, पण उघडेना.

"झालं तुमचं लिनक्स?"

मला संताप आला. मशीन सुरू होताना ड्राइव्ह आपोआप जोडला जावा, यासाठी 'एफस्टॅब' नावाच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते. ती लिहायला मला उसंत कुठे दिली होती? त्यांच्यासमोरच लिहिली आणि मशीन पुन्हा चालू केलं. फोल्डर उघडला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर खरखरला, स्लिप बाहेर आली आणि नाना स्वतः ती घेऊन स्टेशनवर पळाले. ज्याच्याशी आबांनी नंबर बदलला होता, त्याची जागा वॅगनमध्ये रिकामीच होती. गाडी सुटली तेव्हा आबांचे घड तिच्यात होते.

भाऊंनी शाबासकी दिली नाही, मीही तिची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तरी खबरदारी म्हणून फ्लॉपीवर एक कॉपी असू द्या. मी ठेवली, कपाटात. मात्र स्लिप तिच्यावरून निघणार नाही, हेही बजावलं. बॅकअप नुकसान झाल्यावर उघडायचा असतो. रोजचं काम त्याच्यावरून करायला लागलात, तर नुकसान आपण होऊन चालत येतं.