पांढऱ्या झग्याच्या आत

माझ्या वहिनीला माणूस दिसायच्या आधी त्याचं माप दिसतं. लग्न होऊन घरात आली आणि चौथ्या दिवशी तिने माझ्या आईला सांगितलं, "तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे." आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मग वहिनीने तिला एक कोट शिवून दिला, डाव्या खांद्यात पातळ गादी घालून. आई तो घालून आरशासमोर उभी राहिली ती बराच वेळ हललीच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात लेकीपेक्षा सुनेचा शब्द जड झाला, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

दुकान वहिनीचंच. दादा दाराजवळच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो आणि त्याला धंदा सांभाळणं म्हणतो. हूक, काजं आणि बटणं माझ्याकडे. वहिनीचा हातखंडा लपवण्यात. कुबड, सुटलेलं पोट, लांबीला कमी असलेला पाय, साखरपुड्याच्या फोटोत दिसू नयेत असे चार महिने, सगळं तिच्या कात्रीखालून गेलं की सरळ होऊन बाहेर पडायचं. लोक तिला मास्तर म्हणतात. मला ती 'वन्सं' म्हणते आणि अहोजाहो करते, पण कामात चूक झाली की त्याच आदराने सोलून काढते.

आमच्या दुकानामागे दोन गल्ल्या सोडल्या की ते मोठं गोल सभागृह. तिथे कुणाची चेन अडकली, पँट उसवली, की वहिनीला बोलावणं यायचं. त्यामुळे ती जगप्रसिद्ध गायिका बावीस दिवसांसाठी इथे आली तेव्हाही बोलावणं आलं. पाच खंडांत फिरणारा दौरा, नव्वद ट्रक सामान, स्टेजवर जळणारा राजवाडा, आणि एकाच सभागृहात सलग बावीस प्रयोग. असा विक्रम याआधी कोणी केला नव्हता. दौऱ्याबरोबर त्यांची स्वतःची शिंपीण होती, ती मागच्या शहरातच काम सोडून निघून गेली होती. का गेली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. हुरळून गेलो होतो, खरं सांगायचं तर.

पहिल्या दिवशी मॅनेजर बाईंनी आमच्यासमोर एक कागद ठेवला. इथे जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही, आणि आतसुद्धा कुणाशी बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ. या मॅनेजर बाई कधी आवाज चढवत नसत. नुसतं हसायच्या आणि माणूस सही करून मोकळा व्हायचा. वहिनीने सही केली, मी केली. दादाने दुकानात बसल्याबसल्या विचारलं, "माझी नको?" त्याची कुणाला नको होती.

गायिका दिसायला पोस्टरपेक्षा लहान. पहिल्या मापाला कंबर सव्वीस भरली. सहाव्या दिवशी पंचवीस.

"आज किती?" तिने विचारलं.

"तेवढीच," वहिनी म्हणाली.

"तुम्ही खोटं छान बोलता," ती म्हणाली. "इथे बाकीच्यांना तेवढंही जमत नाही."

मला राहवेना. "तुम्ही नीट जेवता का हो?" मी विचारलं. वहिनीने माझ्या पायावर पाय दिला.

"समोर ठेवतात. दोन घास गेले की घसा मिटतो." तिचा आवाज स्टेजवर ऐकू यायचा त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. "गाताना उघडतो, तेवढं बरं आहे."

"मग ते वर उडायचं तरी सोडा," वहिनी म्हणाली. "नुसतं गा. लोक तेवढ्यावरही खूश होतील."

"नाही," ती लगेच म्हणाली. "वर असते तेवढा वेळच मला कुणी हात लावत नाही."

तिसऱ्या अंकात ती पांढरा झगा घालून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडायची. सहा मजले उंच, खाली जाळी नाही. झग्याच्या आत कमरेला एक रुंद पट्टा असायचा, दोन्ही बाजूंना कड्या, आणि त्या कड्यांत वरून येणाऱ्या दोन तारा अडकवायच्या. मांड्यांनाही पट्टे होते म्हणे, पण झग्याच्या चिरेतून ते दिसतात म्हणून दौऱ्याच्या सुरुवातीलाच काढून टाकले होते. कपडे बदलायला मध्ये चाळीस सेकंदच मिळत, म्हणून कमरेचा पट्टा संध्याकाळी सहालाच बांधायचा आणि प्रयोगभर तो सगळ्या कपड्यांखाली राहायचा. तो बांधायला यायचे ते दोरमामा. तारा, चाकं, मोटारी, सगळं त्यांच्याकडे. बोलायला कंजूष माणूस. पट्टा तिसऱ्या भोकावर लावायचे, पट्टा आणि कंबर यांच्यात दोन बोटं घालून बघायचे आणि "बसलं" म्हणून निघून जायचे.

त्या पंचवीसच्या मापानंतर मॅनेजर बाईंनी वहिनीला बाजूला घेतलं. फोटोत झगा लोंबतोय, वर्तमानपत्रवाले विचारायला लागलेत, काहीही करा पण पहिल्या दिवसासारखं दिसलं पाहिजे. वहिनीचे डोळे चमकले, मी बघितले ना. आयुष्यभर ती पोटं लपवत आली होती. इथे नाहीसं होत चाललेलं माणूस होतं तसं उभं करायचं होतं. गायिका अंगाला घट्ट बसणारी एक बंडी घालायची, पट्ट्याच्याही आत. वहिनीने त्या बंडीच्या आतून कमरेला, बरगड्यांना, कुल्ह्यांना स्पंजचे थर लावले. काम असं सफाईदार की हात फिरवला तरी कळू नये. त्या संध्याकाळी दोरमामांनी पट्टा लावला. तिसरं भोक. दोन बोटं. "बसलं."

पुढे माप उतरत गेलं आणि थर चढत गेले. चोवीस, साडेतेवीस, तेवीस. वहिनी जेवताना अन्न चिवडत बसायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा थर. वर्तमानपत्रात छापून आलं की गायिका पूर्वीपेक्षा तजेलदार दिसते. मी ती बातमी कापून मशीनवर चिकटवली. मला केवढा अभिमान वाटला होता, आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

विसाव्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंडी वाळत घालायला घेतली. घामाने भिजलेल्या त्या कापडावर रोज पट्ट्याचा वळ उमटलेला असायचा, सरळ कमरेवर. त्या दिवशी कमरेवर काहीच नव्हतं. वळ वर होता, छातीलगत, आणि काखेखालची शिवण दोन बोटं उसवली होती.

मी वहिनीला हाक मारली. तिने बंडी टेबलावर पसरली, कंबर आणि वळ यांच्यात हात ठेवून बघितला. एक वीत भरली. मग तिने स्पंज चिमटीत दाबला. त्यातून पाणी आलं आणि चिमटीत कागदाएवढं पातळ काहीतरी उरलं.

"वन्सं," ती म्हणाली, "पट्टा संध्याकाळी घट्ट असतो. नाचून नाचून घाम आला की स्पंज बसतो. मग नसतो घट्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे वर गेल्यावर ती पट्ट्यात बसलेली नसते. काखेत अडकून लोंबत असते."

मला सगळं कळलं होतं. तरी मी काय म्हणाले ते लिहिलंच पाहिजे. मी म्हणाले, "आपण सही केलीय. दोन प्रयोग राहिलेत. पक्की टीप मार आणि गप्प बस."

आणि माझ्या वहिनीने, जिने उभ्या जन्मात माझं काही ऐकलं नव्हतं, नेमकं तेव्हा ऐकलं. स्पंज सरकू नये म्हणून तिने सगळ्या बंडीवर चौकडीची टीप मारली. त्या संध्याकाळी आम्ही पडद्याच्या कडेला उभ्या राहून बघत होतो. गायिका वर गेली. वीस हजार माणसं माना वर करून ओरडत होती. वहिनी पुटपुटली, "उजवा खांदा चढलाय." एवढ्या लांबून मला नुसता पांढरा ठिपका दिसत होता. मग गायिकेने एक हात वर नेऊन तार कोपरात धरली, आणि लोकांना ती अदा वाटली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली आल्यावर वहिनीने तिचा झगा उतरवला. दोन्ही काखांखाली काळेनिळे वळ होते. गायिकेने वहिनीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं फक्त.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या प्रयोगाच्या दुपारी, वहिनी बंडी हातात घेऊन स्टेजखाली दोरमामांकडे गेली. मी मागोमाग. मॅनेजर बाई तिथेच होत्या, पण वहिनीने मागेपुढे पाहिलं नाही. तिने मामांसमोर बंडी उलटी केली आणि आतले थर एकेक करून उसवले. प्रत्येक थर त्यांच्या हातात देत गेली.

"कंबर किती?" मामांनी विचारलं.

"साडेबावीस."

मामा खाली बसले. स्पंजचे तुकडे त्यांनी मांडीवर एकावर एक रचले आणि दोन बोटांनी दाबून बघितले. "मी रोज दोन बोटं घालून बघत होतो," ते म्हणाले. "तुमच्या स्पंजात घालत होतो होय."

मॅनेजर बाई हसत म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही थकलात. घरी जा. मामा, आज विक्रमाचा दिवस आहे."

"आज ती उडणार नाही," मामा म्हणाले, आणि मोटारीची किल्ली काढून खिशात घातली.

ती उडाली नाही. पांढरा झगा घालून स्टेजवर नुसती चालत आली, आणि थर नसलेला झगा तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. लोकांना आधी तो नाटकाचाच भाग वाटला. मग वरून काही खाली येईना, तेव्हा शिट्ट्या सुरू झाल्या. विक्रम मात्र झाला, कागदोपत्री बावीस ते बावीसच. आम्हाला दारापर्यंत सोडायला दोन माणसं आली होती, आणि दुसऱ्या दिवशी मामा आमच्या दुकानात दादाच्या खुर्चीत बसलेले होते. त्यांना दौऱ्यातून काढलं होतं. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, सगळं सविस्तर. कळवल्याबद्दल आभार, असं उत्तर आलं. वहिनीने एका वर्तमानपत्राला फोन केला, त्यांनी पुरावा मागितला, आणि बंडी तर नव्वद ट्रकांपैकी कुठल्यातरी ट्रकात गेली होती.

पण आम्ही म्हणत होतो, निदान आता सगळ्यांना कळलं. आता लहान पट्टा करतील, डॉक्टर बोलावतील. वहिनी पुन्हा जेवायला लागली.

बारा दिवसांनी सकाळी दुकानात फोन आला. लांबचा नंबर. पलीकडे एक बाई होती, दबक्या आवाजात बोलत होती.

"मास्तर का? मी दौऱ्यावरची नवी शिंपीण. तुमचा नंबर जुन्या यादीत मिळाला. एकच विचारायचं होतं. तुम्ही आत कुठला स्पंज वापरत होतात? माझा घामाने बसतो."

वहिनीने विचारलं, "कंबर किती आहे?"

"बावीसला कमी."

"अहो, घालू नका. काढून टाका तो. तुमच्याकडे पट्टा कोण बांधतं? त्याला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा, नाहीतर ती पोरगी पडेल."

"नवा माणूस आहे, चांगला आहे. रोज दोन बोटं घालून बघतो."

"माझं ऐका. ती पडेल!"

मग ती बाई रागाने नाही, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुम्ही सोळा प्रयोग स्पंज घातलात ना? काही झालं का? मग मलाच का भीती घालता?"

वहिनीची नजर मशीनवर चिकटवलेल्या बातमीकडे गेली. फोन कधी ठेवला गेला ते कळलं नाही, आणि नंतर तो नंबर लागलाच नाही.

त्या दिवशी ती पडली नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. दौऱ्याची अजून चौदा शहरं बाकी आहेत. वहिनीने कापायच्या टेबलावर खडूने त्यांचा तक्ता लिहिलाय, कुठे कधी प्रयोग, आणि ते उड्डाण आपल्या घड्याळात किती वाजता येतं. उड्डाण चार मिनिटांचं असतं. तेवढा वेळ ती मशीन थांबवते. समोर गिऱ्हाईक असलं तरी बोलत नाही, टेप गळ्यात आणि नजर घड्याळावर. दादासुद्धा तेवढ्यापुरता गप्प बसतो. चार मिनिटं संपली की मामा त्यांच्या जुन्या माणसांपैकी कुणालातरी फोन करतात, मान हलवतात, आणि वहिनी पुन्हा पाय पॅडलवर ठेवते.

आज ते दुपारी पावणेचारला आहे. चारला पाच मिनिटं कमी आहेत, आणि मामांचा फोन पलीकडे अजून कुणी उचललेला नाही.